हात मागं ठेव रं

आमच्या सांगलीच्या फुटबॉल संघाचे कोच दोन देशांचे नागरिक. आजोबा शिराळ्याचे; आई केनियाची आणि जन्म लंडनचा, म्हणून पासपोर्ट त्या दोन देशांचे. दोन्हीकडे मागच्या फळीत खेळून ते इकडे आले. मराठी मात्र अस्सल आजोबांची. टपरीवर चहाची वाट पाहतानाही हात पाठीमागे बांधलेले. चेंडू हाताला लागू नये म्हणून सरावातही दिवसभर एकच पालुपद, "हात मागं ठेव रं, गड्या."

पण आमचे खेळाडू कबड्डीत वाढलेले. साताऱ्याविरुद्ध बरोबरी राखली की पुढची फेरी नक्की होती. शेवटच्या मिनिटाला त्यांचा गडी गोलकडे सुटला आणि आमच्या बचावपटूने सूर मारून त्याचा घोटाच धरला. पकड इतकी देखणी, की संघाचा व्यवस्थापक असून मीही कबड्डीच्या सवयीने टाळी वाजवली. पेनल्टी झाली, गोल झाला, आम्ही हरलो.

लोक मैदानात घुसले. "काढा ह्याला संघातनं!"

कोच त्या पोराला पाठीशी घालून उभे राहिले. "हात मागं ठेव म्हनायचं मीच इसरलो."

सरावात ते दुसरं काही बोललेच नव्हते.

"आवं दोन पासपोर्टवाले, तुमी नक्की कुनाकडचे?" एकाने डिवचलं.

"हेच्याकडचा," मानेनेच मागच्या बचावपटूकडे खूण करत ते म्हणाले. हात पाठीमागेच होते.