चाच्यांचं गाव

“याचं गाव कोणतं?” हा बाईंचा ठरलेला प्रश्न. माणसाबद्दल नव्हे, शब्दाबद्दल. सातपूरच्या आमच्या कॉलनीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका. ‘बटाटा’ म्हटलं की पोर्तुगाल, ‘तारीख’ म्हटलं की अरबस्तान. त्यांच्यासोबत भाजी आणायला जाणं म्हणजे डोक्याला ताप. तुमच्याही शेजारी असं कुणी असेलच. बाई मूळच्या सटाण्याकडच्या, घरची बोली अहिराणी, पण बोलणं इतकं शुद्ध की कुणाला पत्ता लागू नये.

एका सकाळी त्यांच्या मुलाच्या कंपनीतून फोन आला. कारखान्यातली फिटरकी सोडून तो जहाजाच्या इंजिनावर गेला होता. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ चाच्यांनी ते जहाज धरलं होतं. बाईंचे यजमान आधीच गेलेले. हा एकुलता एक.

संध्याकाळी अर्धी कॉलनी त्यांच्या घरात जमली. कुणीतरी म्हणालं, या चाच्यांना गोळ्या घातल्या पाहिजेत. बाईंनी मान वर केली. आता नको, असं मी मनात म्हणतोय तोवर त्यांनी सुरू केलंच. काठेवाडच्या किनाऱ्यावर चांच नावाचं बेट आहे, तिथले काही लोक जहाजं लुटायचे, म्हणून गुजरातीत चांचिया आणि आपल्याकडे चाचे, असं बरेच जाणकार मानतात. “लुटणारे मूठभर असतील. नाव सगळ्या गावाचं गेलं,” त्या म्हणाल्या. आवाज वर्गातलाच होता, पण हातातल्या पदराची पिळून पिळून दोरी झाली होती. बोलायच्या थांबल्या असत्या तर बाई कोसळल्या असत्या.

काही दिवसांनी मुलाचाच फोन आला. घरच्यांनी धास्ती घ्यावी म्हणून चाचे एकेकाला बोलू देत होते. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी उभा. मागे कुणीतरी परक्या भाषेत ओरडत होतं. “आई, यानं मानेला बंदूक लावलीय,” मुलगा म्हणाला.

बाईंचं सगळं शुद्ध मराठी गळून पडलं. “भाऊ, घाबरू नको. त्याले इचार, तुन्हं गाव कोणतं शे?”

फोन तुटला. मला त्यांचा भयंकर राग आला. पोराच्या मानेला बंदूक, आणि हिला गाव पाहिजे. बाई मात्र फोन छातीशी धरून पुटपुटत होत्या, “गाव विचारलं की माणूस मारताना जरा हात आखडतो.”

कंपनीनं काय तडजोड केली देव जाणे, पण दीडेक महिन्यानं मुलगा सुखरूप परतला. “उना, मन्हा भाऊ उना,” म्हणत बाईंनी त्याला जवळ घेतलं आणि दारातच विचारलं, काय सांगितलं रे त्यानं? मुलानं एक नाव सांगितलं. तेव्हापासून बाई शाळेतला जुना नकाशासंग्रह आणि भिंग घेऊन आफ्रिकेचा किनारा धुंडाळत बसायच्या. ते गाव काही सापडलं नाही.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. तेराव्याला मुलानं मला जिन्यात थांबवलं.

“काका, मी त्याला गाव विचारलंच नव्हतं. ते नाव मीच बनवलेलं.”

शेवटी दवाखान्यात आईला हे सांगायला म्हणून तो वाकला होता. तो काही बोलायच्या आतच बाईंनी त्याच्या मानेवर, बंदूक टेकली होती तिथं, हात ठेवला.

“राहू दे रे भाऊ. तू घर उना ना.”