चावी तर अंगणात होती

इथं लिहिणाऱ्या पुष्कळांना लहानपणापासून काहीबाही दिसत आलेलं असतं. माझं तसं नाही हो. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. लिंबातून 'रक्त' काढायची ट्रिक दरवर्षी सातवीच्या पोरांना करून दाखवायची आणि वर अर्धा तास भाषण झाडायची. आता एकाहत्तरावं चालू आहे. ज्या दिवसाचं सांगतेय तेव्हा मी पासष्टची होते, म्हणजे अगदीच बालिश वय. स्वतःला फार शहाणी समजायची ती बाई. आज भेटली तर कान पिरगाळीन तिचा.

आमचं घर पालमला, बसस्टँडपासून चालत दहा मिनिटं. मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब, पुढच्या पडवीवर पत्रे, त्यापुढं अंगण आणि लोखंडी गेट. घरात दोघंच, मी आणि आमचे मालक, आप्पा. आप्पा एसटीत कंडक्टर होते. धूळ खाऊन खाऊन फुफ्फुसं गेली आणि त्याच्या आदल्या दिवाळीपासून ते ऑक्सिजनच्या मशीनवर आले. मशीन विजेवर चालतं. ते बंद पडलं की दहा मिनिटांत ओठ निळे व्हायला लागायचे. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं — अर्ध्या तासाच्या वर गेलं तर माझ्याकडं आणू नका.

इन्व्हर्टरवर पंखा चालायचा, मशीन नाही. म्हणून पलंगाशेजारी एक छोटा सिलेंडर उभा असायचा. त्याच्या डोक्यावर एक चौकोनी दांडी असते. ती चावीनं फिरवायची, मग मशीनची नळी काढून सिलेंडरला लावायची. चावी म्हणजे वीतभर लोखंडी पाना. नुसत्या बोटांनी ती दांडी पैलवानालाही हलत नाही.

आमचा मुलगा पुण्याला. त्याला दाखवायला मी फ्रिजवर यादी चिकटवली होती, 'वादळाची तयारी'. टॉर्च, पॉवर बँक, भरलेली पिंपं, पत्र्यावर दगड, वायरमनचा नंबर, दर शनिवारी सिलेंडरचा काटा बघणे, चावी पलंगाजवळच्या खिळ्याला. लॅमिनेशन केलेली यादी! सगळं होतं तिच्यात, बाईची अक्कल तेवढी सोडून.

चैत्रातली दुपार. साडेतीनच्या सुमारास आभाळ जखमेसारखं काळं-पिवळं झालं. मी यादीप्रमाणे कामाला लागले. मागचं दार लावलं, गेटला आतून कडी घातली. सिलेंडरचा काटा पाहिला, फुल्ल. चावी खिळ्यावरून काढून हातातच ठेवली, ऐनवेळी शोधाशोध नको म्हणून. बघा हुशारी!

पहिली गार पत्र्यावर पडली ती बंदुकीच्या गोळीसारखी. आणि मग एकदम... पत्रे फाटतायत असा आवाज. आप्पा काहीतरी ओरडत होते, एक अक्षर ऐकू येईना. आणि मी, लिंबू कापणारी विज्ञानवाली मॅडम, पडवीच्या दारात धावले आणि हातातलं लोखंड अंगणात भिरकावून दिलं.

आमच्याकडं जुनी पद्धत आहे. गारा सुरू झाल्या की अंगणात लोखंड टाकायचं, गारा थांबतात म्हणे. सासूबाई विळा फेकायच्या. नवी नवरी होते तेव्हा मी पदराआड हसून विचारायची, "आत्याबाई, गारा काय विळ्याला भितात का?" पुढं पस्तीस वर्षं वर्गात तोच विनोद सांगून पोरांना हसवलं. आणि वेळ आली तेव्हा हात आपोआप उठला! आपण काय फेकलं ते कळलं, मागं मशीननं लांबलचक पीऽऽप केलं तेव्हा. लाईट गेली होती.

डोक्यावर घमेलं पालथं धरून मी अंगणात उतरले. घोट्यापर्यंत गारांचा थर. गुडघ्यावर बसून उपसत राहिले. बोटं बधिर झाली, काय लागतंय तेच कळेना. शेजारच्या सुलाबाईला भिंतीवरून हाका मारल्या, त्या आवाजात तिला काय ऐकू जाणार! किती वेळ गेला... दहा मिनिटं? वीस? मग मनात आलं, आता आप्पा गेले असतील. आणि मी आत जायचं सोडून तिथंच बसून राहिले. भ्यायले होते मी. हे मी मुलालाही कधी सांगितलं नाही.

गारा थांबल्या. एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत घरातून बारीक सूऽऽ असा आवाज यायला लागला.

आत गेले. सिलेंडर चालू होता. नळी मशीनची काढून सिलेंडरला लावलेली. आप्पांचे ओठ लाल.

"परत कशाला भिजलीस गं?" ते म्हणाले. "आत्ता तर कोरडी होतीस."

"नळी कोणी लावली?"

"कोणी म्हंजे? तूच की. सैपाकघरातून आलीस, दांडी फिरवलीस, नळी लावलीस. 'दम खा' म्हणलीस."

"अहो, मी अंगणात होते."

आप्पा हळूच म्हणाले, "मग ती कोण व्हती?"

स्वयंपाकघरात जाऊन बघायची हिंमत होईना. तेवढ्यात गेटवर सुलाबाई, "मॅडम, जित्ते हाव का न्हाई? कडी काढा की!" तिला पुढं घालून मी आत गेले. मागच्या दाराची कडी जशीच्या तशी. आत कोणी नाही.

गारा वितळल्यावर चावी सापडली, अंगणाच्या कोपऱ्यात, जिथं फेकली होती तिथंच. लाईट आल्यावर त्याच चावीनं सिलेंडर बंद केला. मग सुलाबाईनं दात-ओठ खाऊन बोटांनी दांडी फिरवून पाहिली. "ही माझ्या बापालाबी हलायची न्हाई, मॅडम!"

मुलगा म्हणाला, "आई, व्हॉल्व्ह आधीच सैल असेल." असता तर गॅस गळून गेला असता, काटा फुल्ल कसा दिसला? आप्पांनी केलं म्हणावं, तर त्यांना पाण्याचा पेला उचलवत नव्हता. शेवटी म्हणाला, "घाबरून तूच आत आलीस, लावलीस आणि विसरलीस." हे पटवून घ्यायला मला आवडलं असतं. पण चावीशिवाय? शिवाय माझे पाय चिखलानं भरलेले, आणि मी आत शिरले तेव्हा पलंगाजवळची फरशी कोरडी ठणठणीत होती.

चार दिवसांनी आप्पा म्हणाले, "एक सांगू का? तिचा हात तुझ्यापरीस हलका होता."

"म्हणजे सवत आली म्हणा की!"

दोघंही हसलो.

आप्पा अजून आहेत. चावी आता साखळीनं सिलेंडरलाच बांधलीय. पण आभाळ भरून आलं की मी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. सुलाबाई ओरडते, "मॅडम, कपडे भिजायलेत की!" भिजू देत. त्या दिवशी मी आत जायला उशीर केला, आणि माझी जागा रिकामी राहिली नाही. कोणी भरली, मला आजही सांगता येत नाही. वाचवलं हे खरं, पण मला तिची भीती वाटते. पुन्हा कधी बाहेर गेले, दार वाजवलं, आणि आतून माझ्याच आवाजात कोणी विचारलं, "कोण आहे?" — तर मी काय उत्तर देऊ?