ट्रकचं आतलं चाक

काल देवपूरच्या घरात नातीने सोल्डरिंग सुरू केलं आणि त्या वासाने मला तीस वर्षं मागे नेलं. ती रिमोटवर चालणारा ट्रक बनवते आहे. तसाच एक मी कॉलेजात शिकवत असताना प्रदर्शनासाठी बनवला होता, रावेरहून केळी नेणाऱ्या ट्रकांसारखा. सरळ छान धावायचा, पण वळताना पुढची चाकं फरशीवर करकरत घासायची.

माझी बायको सुमन गहू निवडत बसली होती. ती म्हणाली, "खळ्यावर आतला बैल जास्ती वळस, बाहेरला कमी. तुम्ही दोन्ही चाकं सारखीच कसाले वळावतस?"

मी चाकांचे दांडे आत तिरके केले, तसं आतलं चाक जास्त वळू लागलं आणि करकर थांबली. प्रदर्शनात लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "माझीच कल्पना." सुमन मागेच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, ते आजवर मनाला लागून आहे.

काल नातीचाही ट्रक घासू लागला. "आबा, आता काय करू?"

"आजीला विचार. माझ्या ट्रकचं स्टिअरिंग तिनेच सुचवलं होतं."

सुमनने हातातलं ताट बाजूला सारलं. "एवढं सांगाले तीस वरीस लागनात का?" असं म्हणून ती हसली आणि ट्रक मांडीवर घेतला.