झहराचा रेफरन्स

ऑफिसचे किस्से कँटीनमध्ये सांगितले की संपतात. घरून काम सुरू झालं आणि माझे साठत गेले. इथे परदेशात, क्रेगीबर्नच्या घरात, इस्त्रीच्या टेबलावर. तेच माझं डेस्क.

मी एका युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन विभागात. त्या वर्षी लॉकडाउनमुळे शाळा बंद, म्हणून काही जागा शेवटच्या परीक्षेच्या मार्कांशिवाय द्यायच्या ठरल्या. शाळेचा रिपोर्ट, मुलाने स्वतःबद्दल लिहिलेलं एक पान आणि नात्यात नसलेल्या मोठ्या माणसाचा रेफरन्स, म्हणजे शिफारस. रेफरन्स देणाऱ्यांना फोन करून नोंदी मी करायच्या, निर्णय हेलनचा. हेलन माझी बॉस.

पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "अगं, परीक्षाच नाही? मग हुशार कोण ते कळणार कसं?"

"मुलं स्वतःबद्दल लिहितात, आई. ते वाचून."

"हात्तिच्या! स्वतःबद्दल तर आमचा निखिलही छान लिहायचा!"

लग्नाआधी नवऱ्याच्या बायोडेटात मी ते वाचलं होतं.

*

एका मराठी मुलाला शेजारच्या काकांनी रेफरन्स दिला. दोन पानं. काकांची डिग्री, काकांचं प्रमोशन, काकांनी घरामागे बांधलेलं लाकडी डेक. शेवटची ओळ: "मुलगाही चांगला आहे."

*

मीटिंगमध्ये डायव्हर्सिटीचा विषय निघाला. "यावर आपल्यापैकी कोणाला स्वतःच्या अनुभवातून काही सांगायचंय?" हेलनने विचारलं. स्क्रीनवर सहा चौकोन, पाच गोरे. सहावा माझा.

मी म्यूटवर होते. तशीच राहिले.

*

फॉर्मवर प्रश्न होता, अभ्यास कुठे करतोस? एकाने लिहिलं, "ड्राइव्हवेमध्ये, गाडीत. घरात आम्ही आठ जण. आई कामाला गेली की गाडीही जाते. मग नाही करत."

व्हिडिओ कॉलवर मी ते हेलनला मोठ्याने वाचून दाखवलं. हेलन कॅमेरा कधीच बंद करत नाही. त्या दिवशी केला.

*

आणि झहरा. नर्सिंगची एकच जागा उरली होती. तिचे मार्क अकरावीत घसरले होते. वडील आजारी पडले ते त्याच वर्षी. ती पहाटे पाचला बेकरी उघडायची आणि नऊला ऑनलाइन वर्गात बसायची. रेफरन्स बेकरीच्या मालकाचा, टोनीचा.

"कशी आहे मुलगी?" मी टोनीला फोनवर विचारलं.

"एक नंबर! म्हणूनच सांगतो, घेऊ नका तिला. वर्ग कधी असतात?"

"प्रॅक्टिकल मंगळवार आणि गुरुवार, सकाळी सातला."

"मग माझं दुकान कोण उघडणार, मेट?" फोन बंद.

प्रॅक्टिकलला जमेल का, असं झहराला विचारलं. ती हळूच म्हणाली, "घरात कमावणारी मी एकटीच. टोनीला नाही कसं म्हणू?"

सगळं हेलनला कळवलं. "प्रॅक्टिकलला येता येणार नसेल तर जागा पुढच्याला," ती म्हणाली. "चारला यादी बंद."

चारला दहा मिनिटं असताना फोन वाजला. टोनी.

"लिहून घ्या. तिची नोकरी राहील. मंगळवारी आणि गुरुवारी दुकान मी उघडणार. पहाटे पाचला. मी स्वतः."

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "वीस वर्षांत पहिल्यांदा! आणि न उठून जातो कुठे? मी आहे ना उठवायला!"

मी जसंच्या तसं टाइप केलं, बाईंच्या वाक्यासकट, आणि पाठवलं.

चारला दोन मिनिटं कमी असताना हेलनचं एका ओळीचं उत्तर आलं.

"बायकोचा रेफरन्स मंजूर."