खिडकीखाली शेंगा सोलणारी

भिवंडीच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर राज्यघटना शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीची आई वज्रेश्वरीहून रोज तिच्याबरोबर एसटीने यायची आणि तास संपेपर्यंत वर्गाच्या खिडकीखाली वालाच्या शेंगा सोलत बसायची. मला ते खटकायचं. आत स्वातंत्र्य शिकवायचं आणि बाहेर हा पहारा! एकदा तासाला जाताना न राहवून म्हटलं, "एवढा पहारा देता, तर आतच बसा ना."

"पहारा न्हाय, मॅडम. मी संगती असले तरच घरचे तिला सोडतात. आन् आत बसले, तर ती तोंड उघडायची न्हाय."

त्याच तासाला मुलीने हात वर केला. "मॅडम, हे स्वातंत्र्य घरातपण लागू होतं का?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या आईचे हात शेंगांवर थांबले होते. उत्तराची वाट दोघी बघत होत्या.