दोनहात्याची भिंत

त्याला सगळे दोनहात्या म्हणत. हात सगळ्यांनाच दोन असतात, त्यात नाव ठेवण्यासारखं काय, असं नव्या माणसाला वाटे. पण ज्याने त्याच्याकडून एकदा घर रंगवून घेतलंय त्याला ते नाव लगेच पटे. भिंतीला तडा गेलाय? "दोन हात मारू." तेलकट डाग पडलाय? "दोन हात मारू." ओल, धूर, पोरांनी कोळशाने काढलेली चित्रं, कशावरही त्याच्याकडे औषध एकच, रंगाचे दोन हात. आणि खोटं कशाला बोला, हातही तसाच होता. ब्रशाची रेघ दिसायची नाही, कोपऱ्यात थेंब जमायचा नाही. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासली की म्हातारी भिंत अंड्याच्या टरफलासारखी गुळगुळीत व्हायची.

एका जागी बसणं मात्र त्याच्या बापाच्यानेही झालं नसतं. कुणाला भेटायला गेला तर चहा निवेपर्यंत तो त्या घराच्या चौकटी अंगठ्याने खरवडून बघत असे. सासऱ्याच्या मयताला गेला तेव्हाही तिथल्या दारावरचे पोपडे काढत उभा होता म्हणे. बायको सांगते म्हणजे खरंच असणार.

या बायकोची छाती वाजायची. थंडी-पावसात तर नुसता लोहाराचा भाता. डॉक्टरीणबाईंनी तोंडाने ओढायचा पंप दिला होता. तो ओढला की जरा वेळ बरं, मग पुन्हा शिट्टी सुरू. एकदा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घर कसं आहे? ती म्हणाली, घर छान आहे, फक्त पलंगामागची भिंत दरवर्षी काळी पडते, मग हे रंग देतात. बाई म्हणाल्या, "औषध मी देते, पण भिंतीकडे बघा." दोनहात्या हसला. भिंतीकडे बघण्यातच जन्म गेला होता त्याचा.

मग बायकोच्या धाकट्या बहिणीचा पाय मोडला आणि ही तिच्या मदतीला गेली. धुणं, भांडी, बहिणीला उठवणं-बसवणं, सगळं अंगावर पडलं. त्याला वाटलं, आजारी पडून येणार. पण एका संध्याकाळी फोन आला.

"ऐका ना, इथं मला पंप लागत नाही."

"तिकडची हवा चांगली असेल."

"कसली चांगली? मागे ट्रकचं गॅरेज आहे. पण खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत. दिवसभर सताड उघड्या." मग ती म्हणाली, "मी काय म्हणते, अजून थोडे दिवस राहू का?"

"रहा की," तो म्हणाला. पण फोन ठेवल्यावर त्याला घरात जागा सापडेना. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून दारात. पन्नास लोकांची घरं उजळली आणि आपल्याच घरात बायकोचा जीव गुदमरतो, हे मेलं घशाखाली उतरेना. दवाखान्यात बरी झाली असती तर त्याला काही वाटलं नसतं. दुसऱ्याच्या घरात बरी झाली, ते झोंबलं.

उपाय ठरलेलाच होता. पलंगाखालून त्याने उरलेल्या रंगाचे डबे ओढले. लोक पलंगाखाली बॅगा ठेवतात, हा डबे ठेवायचा. काही अर्धे, काही तळाला गेलेले, झाकणं नुसती वरवर टेकवलेली. एका दवाखान्याचा फिकट हिरवा ऑईल पेंट निघाला. त्याने भिंतीवरची काळी बुरशी फडक्याने पुसली, लांबी ओढली, घासली, आणि दिले दोन हात. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडकी-दार गच्च लावून घेतलं. खोली अशी चमकायला लागली की दिवा लावायची गरज नाही. मग त्याने फोन केला, "ये आता. बघ तरी."

ती आली. हातात पिशवी, चेहरा टवटवीत. दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि तिथेच थांबली. छातीतून बारीक शिट्टी निघाली.

"केवढा वास हा."

"वास? कुठाय वास?"

तो थट्टा करत नव्हता. टर्पेंटाइनने त्याचं नाक कधीचं खाऊन टाकलं होतं. दूध करपलं तर त्याला धूर दिसल्यावर कळायचं.

"खिडकी तरी उघडा."

"रंग ओला आहे. धूळ बसेल."

 ती पदर नाकाला लावून मागे सरली.

"तुला घर नकोच आहे का?" तो म्हणाला.

"घर पाहिजे. श्वासपण पाहिजे. दोन्ही एकत्र मिळायला लागले की कळवा." आणि आली तशी पिशवी उचलून निघाली. रिक्षावाला वळलासुद्धा नव्हता, त्याच रिक्षात बसली.

दोनहात्या चिडला, जरा निवला, मग पुन्हा चिडला. कामावर त्याने एका बाईच्या स्वयंपाकघराला दिवाणखान्याचा रंग दिला. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. घरी येऊन बघतो तर नव्या हिरव्या रंगाखालून काळे ठिपके वर येत होते. अंगावर गोवर उठावा तसे.

शेवटी त्याने गवंड्याला बोलावलं. या गवंड्यानेच ते घर बांधलं होतं. दोघांची दोस्ती जुनी आणि भांडण त्याहून जुनं: भिंत बिघडली की हा म्हणणार बांधणाऱ्याने खाल्ली, तो म्हणणार रंगाऱ्याने मारली. गवंड्याने भिंतीवर अंगठा दाबला. रंगाचा फुगा फुटला आणि पाण्याचा ओघळ त्याच्या मनगटावर आला.

"भिंतीला रेनकोट घातलायस बाबा," गवंडी म्हणाला. "वर्षानुवर्षं एकावर एक. बाहेर पन्हळ पावसात गळते, ती ओल आत मुरते. तुमच्या चहाची, आंघोळीची, आत वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ आहेच. ती जाणार कुठून? आणि माझे झरोके कुठायत? छताखाली दोन ठेवले होते."

"बुजवले."

"का?"

"धूळ यायची. ओल्या रंगावर."

गवंडी खाली मान घालून हसला. "पन्हळ मी करतो. झरोके तूच उघड. कुठं होते दाखव."

दोनहात्याने वर बघितलं. मग स्टुलावर चढून बघितलं. मग बाहेर जाऊन बघून आला. बाहेरूनही त्यानेच गिलावा ओढून रंग दिला होता. कुठे सांधा नाही, कुठे उंचवटा नाही.

"सापडत नाहीत," तो म्हणाला.

"तुझंच काम ना?"

"म्हणून तर."

"वा रे कारागीर," म्हणून गवंडी शिडी घेऊन पन्हळीकडे गेला.

दोनहात्या पत्र्याच्या खरवडणीच्या मुठीने भिंत ठोकत सरकू लागला. ठक, ठक, ठक. भिंतीला कान लावायचा, पुढे सरकायचा. आपण एवढं चांगलं काम का केलं, असा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला. मध्येच वैतागून त्याने खरवडायला सुरुवात केली. दवाखान्याचा हिरवा निघाला, खाली बँकेचा पिवळट, त्याखाली शाळेचा निळा, त्याच्याखाली कुणाच्या तरी नव्या नवरीच्या खोलीचा गुलाबी. अख्ख्या वस्तीचं उरलंसुरलं त्याच्या बायकोच्या उशाशी चिकटलं होतं. आणि सगळ्यात आत काळा, बुळबुळीत, माती झालेला गिलावा.

पलंगाच्या बरोबर वर आवाज बदलला. ठकच्या जागी ढब. त्याने छिन्नी लावली. लांबी पडली, विटेचे तुकडे पडले, लगदा झालेलं वर्तमानपत्र निघालं, आणि घामेजल्या तोंडावर वारा आला. दुसरा झरोका मग सापडायला वेळ लागला नाही.

कंबरभर उंचीपर्यंतचा ओला गिलावा दोघांनी मिळून उतरवला. विटा उघड्या पडल्या.

"आता याला हात लावायचा नाही," गवंड्याने बजावलं. "उन्हाळाभर वाळू दे. मग गिलावा, मग पातळ चुना."

"प्रायमरचा एखादा..."

"नाही."

रंगाऱ्याच्या घरात नागडी भिंत. बातमी पसरायला वेळ लागतो थोडाच? कामावरचे जोडीदार मुद्दाम बघायला आले. एक म्हणाला, "न्हाव्याच्या घरी दाढी वाढली." दुसऱ्याने विचारलं, "गिऱ्हाईकाला काय सांगायचं, उस्ताद आता सोलून देतात?"  दोनहात्याने डबे बाहेरच्या पत्र्याच्या खोपटात नेले. पलंग भिंतीपासून दूर ओढला. कपड्यांची दोरी अंगणात बांधली. एवढं झाल्यावर करायला काही उरलं नाही, आणि तोच खरा त्रास. घरात गेलं की त्या विटा दिसायच्या आणि हात शिवशिवायचे. एका दुपारी त्याने शेजाऱ्याला न विचारता त्याचं फाटक रंगवून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाक. शेजारी त्यावर बसला आणि दोन घरांतला बोलाचालीचा व्यवहार काही काळ बंद पडला.

फोनवर मात्र तो बायकोला काही सांगेना. पुन्हा बोलवायचं आणि पुन्हा ती उंबऱ्यावरून फिरली तर? शेवटी बहिणीचा पाय बरा झाला तेव्हा बायकोच म्हणाली, "येऊन बघते. राहीन असं म्हणत नाही."

पिशवी उंबऱ्यावर ठेवून ती आत आली. भिंतीसमोर उभी राहिली.

"पिसं काढलेल्या कोंबडीसारखी दिसते."

"वाळतेय," तो म्हणाला.

"वास येत नाही कसला."

"मला काय कळणार?"

तिने चहा केला, खिडकी-दार उघडं ठेवून. कप विसळले. मग पलंगावर जरा पडते म्हणाली आणि तिला डोळा लागला. तो दारात उकिडवा बसला. उठला. अंगणात फिरून आला. पुन्हा बसला आणि कान देऊन ऐकू लागला. शिट्टी होती. लांबच्या रस्त्यावर कुणी सायकलला ब्रेक लावावा एवढी बारीक, मधूनच येणारी. पूर्ण गेली नव्हती. पंप तिने उशाशी घेतलाच होता, पण तो तसाच पडून राहिला.

ती उठली तेव्हा उन्हाची तिरीप झरोक्यातून तिच्या पायांवर आली होती.

"ही अशी किती दिवस राहणार?"

"गवंडी म्हणतो, उन्हाळा संपेपर्यंत." मग न राहवून म्हणाला, "खालून जरा एक पट्टी मारली तर..."

"मारा. मी निघते."

"नाही मारत. नुसतं विचारलं."

ती केस बांधत दोन्ही झरोक्यांकडे बघत बसली. मोठा श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, दुकानदार नाणं वाजवून बघतो तसा.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "पिशवी आत घ्या."

त्याने पिशवी आत आणली आणि ती कुठे ठेवावी ते न कळून हातात धरून तसाच उभा राहिला. भिंतीला टेकवायची सोय नव्हती.