दोघींची दोन वर्षं

"मी नवी न्हाई, मॅडम. मी राहिलेली हाय." कुणी 'नवीन प्रवेश का?' असं विचारलं की तिचं हे उत्तर ठरलेलं. बोलण्याआधी ती मान किंचित डावीकडे झुकवायची, जणू शेजारी बसून कुणी तिला हळूच सांगत आहे.

मुलांनो, तिकडे परदेशात तुम्ही कॉलेज बदललंत तरी आधीचे क्रेडिट तुमच्यासोबत येतात. तुम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही, म्हणून या बाईची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. क्रमाने सांगते.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात तिने तरुणपणी बी.ए.ची दोन वर्षं केली होती. ती आणि तिची बहीण, एकाच वर्गात. दोघी नायगावहून एसटीने येत. घरात पुस्तकांचा एकच संच, म्हणून त्यांनी धडे वाटून घेतले होते. अर्धे हिने वाचायचे, अर्धे बहिणीने, आणि गाडीत एकमेकींना सांगायचे. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात बहीण काविळीने गेली. ही लग्न होऊन अहमदपूरला गेली. आता, घरात सुना आल्यावर, तिला तिसरं वर्ष करायचं होतं.

जुना अभ्यासक्रम कधीच बंद झालेला. प्राचार्य म्हणाले, "ताई, पहिल्या वर्षापासून बसा. सोपं जाईल."

"जाईल हो सर. पर ती दोन वर्षं पुसली तर माझ्या बहिणीनं काय केलं म्हणायचं? तिच्यापाशी तेवढंच हाय."

शेवटी ठरलं, तोंडी परीक्षा घ्यायची आणि मगच आधीच्या शिक्षणाचे क्रेडिट द्यायचे. मी तिथल्या शिकवण्यातून निवृत्त झाले होते, तरी समितीत मला बोलावलं.

काही उत्तरं तिने आपल्या नेहमीच्या जड आवाजात दिली. पण बहिणीच्या वाटणीचा धडा आला की आवाज बारीक व्हायचा, घाईघाईचा, विशीतल्या मुलीचा. राज्यशास्त्राच्या तरुण सरांनी राज्यसभेबद्दल विचारलं. त्याच बारीक आवाजात आलं, "राज्यसभा पाच वर्षांनी बरखास्त होती."

"चुकलं, काकू. नीट आठवा."

"ठाव हाय मला. पर ती असंच सांगायची. मी कधी चूक काढली न्हाई. लई रुसायची."

सर हसले. "बरोबर उत्तर द्या ना काकू, म्हणजे दोन्ही वर्षं मान्य करता येतील."

तिने मान सरळ केली. मग स्वतःच्या आवाजात, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "राज्यसभा बरखास्त होत नाही. काही जण जातात, काही राहतात."

दोन्ही वर्षं मान्य झाली.

कॉलेज सुरू झालं, पण तिसऱ्या वर्षाच्या वर्गात ती आलीच नाही. दिवाळीच्या सुमाराला मला नांदेडच्या बसस्थानकावर दिसली, अहमदपूरच्या गाडीची वाट बघत.

"का हो, येत का नाही?"

"त्या दिवसापासून ती सांगत न्हाई, मॅडम. लई रुसली." मग माझ्या जवळ सरकून म्हणाली, "तुमी म्हणताव का एकदा? ते चुकीचं?"

भर गर्दीत मी म्हटलं, "राज्यसभा पाच वर्षांनी बरखास्त होती."

तिने डोळे मिटून ऐकलं, आणि हसली. "न्हाई. तुमी मॅडमसारखं म्हणताव."

गाडी लागली, ती चढून गेली. मी फलाटावर उभी राहून तेच वाक्य पुन्हा, जरा घाईघाईने, म्हणून बघत होते.